विचारलं तेवढंच सांगणाऱ्या बनाबाई

आमच्या घरी भांड्यांना येणाऱ्या बनाबाईंना एखादी गोष्ट विचारायची म्हणजे आधी प्रश्न नीट बेतून घ्यावा लागतो. प्रश्न तोकडा पडला की उत्तरही तेवढंच तोकडं मिळतं. "बनाबाई, दूध तापवलं का?" "व्हय." झालं. दूध तापलं आणि फाटलं, हे मला ऑफिसातून आल्यावर स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागतं. मग मी चिडून म्हणायचं, "अहो, फाटलं हे सांगायचं नाही का?" आणि त्यांनी पदराला हात पुसत म्हणायचं, "तापवलं का म्हणून इचारलं की तुमी." अकरा वर्षं झाली, मी या बाईपुढे हात टेकले आहेत.

बनाबाई मूळच्या मंद्रूपकडच्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या तेव्हा नवरा यंत्रमागावर होता. पुढे तो कारखाना बंद पडला, नवरा एका इमारतीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसला आणि बनाबाईंनी जुळे सोलापुरात चार घरची भांडी धरली. त्यातलं पहिलं घर आमचं. सकाळी पावणेसातला येतात, चपला दाराच्या कोपऱ्यात भिंतीला उभ्या करतात, भांड्यांचा ढीग बाल्कनीच्या मोरीत नेतात आणि घासायला घ्यायच्या आधी सगळी भांडी समोर मांडून मिनिटभर नुसतं बघतात. पहिली काही वर्षं मला वाटायचं, कामाचा कंटाळा. नंतर कळलं की त्या आमचं घर वाचत असतात.

एकदा माझे सासरे, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, चार दिवस नीट जेवत नव्हते. मी ओट्याशी उभी राहून स्वतःशीच पुटपुटले, "अप्पांना झालंय तरी काय?" मोरीतून आवाज आला, "डावीकडची दाढ दुकतीया. भाकरीचं काट तसंच ऱ्हात्यात ताटात." संध्याकाळी अप्पांचा गाल टम्म सुजला. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" "आट दिस झालं." "मग बोलला का नाहीत?" यावर काय उत्तर आलं असेल ते मी पुन्हा लिहीत बसत नाही.

बरं, गप्पा माराव्यात तर तेही नाही. वरच्या मजल्यावरच्या जोडप्याचं इतकं कशावरून वाजतं, हे मला जाणून घ्यायचं होतं, आणि त्यांची भांडी घासणारी बाई माझ्याच बाल्कनीत बसलेली. मी चहा दिला, बिस्किटं दिली, आडून आडून विचारलं. बनाबाईंनी चहा प्यायला, बिस्किटं संपवली आणि म्हणाल्या, "त्यांचं त्यांच्यापाशी." कामवाल्या बायका बोलून जीव खातात म्हणून मैत्रिणी तक्रार करतात. मला त्यांचा हेवा वाटतो.

तर या बनाबाईंची गुंड्याशी मात्र चांगली गट्टी होती. गुंड्या म्हणजे आमचा कुत्रा, तीन वर्षांचा, गावठी, तपकिरी, एक कान कायम पडलेला. माझ्या लेकीनं, अक्षतानं, त्याला कॉलेजच्या पार्किंगमधून उचलून आणलं होतं. पहिले काही महिने बनाबाई जाताना उरलेली भाकरी आमटीत कुस्करून त्याला घालायच्या. मग अक्षता त्याला लसीसाठी अल्तमश डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि तिथून यादी आली. कुत्र्याला काय घालायचं नाही याची यादी. कांदा नाही, लसूण नाही, द्राक्षं नाहीत, बेदाणे नाहीत, चॉकलेट नाही, चहा-कॉफी नाही, च्युइंगम नाही. मी म्हटलं, बाई गं, कांदा-लसूण नाही तर सोलापूरच्या घरात उरतं काय? आमची शेंगाचटणीसुद्धा लसणावाचून होत नाही. पण अक्षतानं ती यादी फ्रिजवर चिकटवली, बनाबाईंना वाचता येत नाही म्हणून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली आणि विचारलं, "मावशी, कळलं ना?" "व्हय." त्या दिवसापासून आमटीतली भाकरी बंद झाली. अप्पांनी ती यादी वाचली की नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. फ्रिज हा आपला प्रांत नाही, असं त्यांचं मत आहे.

गेल्या एप्रिलात अप्पांच्या पुतण्यानं, गुरुनं, शेतावरून बेदाण्याची पेटी पाठवली. नवे, हिरवट, मधासारखे गोड. अप्पा म्हणाले, पूजेला देत जा. मी एक डबी भरून त्यांच्या देवघरात ठेवली, बाकीची पेटी वरच्या फळीवर टाकली आणि विसरून गेले. एप्रिलात माणसाला काय काय लक्षात राहणार? पारा बेचाळीसवर, नळाला पाणी चार दिवसांतून एकदा, नवरा प्रभू बार्शीच्या शाखेत, म्हणजे सकाळी सातची एसटी. आणि मार्चची कामं एप्रिलात उरकणारं माझं ऑफिस.

त्या मंगळवारी गुंड्या ओकायला लागला. कूलरसमोर आडवा पडला तो उठेना. शेजारचे म्हणाले, ऊन लागलं. मीही म्हटलं, ऊन लागलं. सोलापुरात एप्रिलात काहीही झालं तरी आधी उन्हावरच ढकलतात. बुधवारी सकाळी त्यानं पाणीसुद्धा तोंडाला लावलं नाही, तेव्हा मी रजा टाकली आणि मी, अक्षता नि अप्पा, आम्ही तिघं रिक्षातून त्याला दवाखान्यात घेऊन गेलो.

अल्तमश डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. त्यांनी सलाईन लावलं, रक्त काढून तपासायला पाठवलं आणि विचारलं, "काल-परवा वेगळं काही खाल्लं का यानं?"

"नाही," मी म्हटलं.

"कांद्याची भाजी, चॉकलेट, द्राक्षं? कुणी घरात खायला दिलं असेल?"

अक्षता म्हणाली नाही. अप्पा म्हणाले, "छे, मी तर त्याला कधीच काही खायला घालत नाही." आणि ते खरंच म्हणाले. शहात्तर वर्षांचा माणूस, रोज तासभर लिंगपूजा करणारा, कुत्र्याच्या जेवणावरून खोटं कशाला बोलेल?

दुपारी रिपोर्ट आला. मूत्रपिंडावर आलं होतं. "गोचिडाच्या तापानं होतं, उष्माघातानंही होतं," डॉक्टर म्हणाले. "आज सलाईन देतो. उद्या थोडा सुधारला तर घरी न्या, गोळ्या देऊ. पण काही विषारी पोटात गेलं असेल तर मला कळायला हवं. मग दोन-तीन दिवस सलाईन काढता येणार नाही. तसंच घरी नेलं तर जाईल तो." अक्षता रिक्षात घरापर्यंत रडत आली.

त्या दिवशी पाण्याच्या पाळीमुळे बनाबाई उशिरा येऊन भांडी घासत होत्या. मी चप्पल न काढता थेट बाल्कनीत गेले. आता यात विचार करण्यासारखं काय होतं? घरातल्या तिघांनी नाही म्हटलं होतं, प्रभू सकाळी जातो तो रात्री येतो. उरलं कोण? पूर्वी भाकरी घालणारं कोण होतं?

"बनाबाई, तुम्ही गुंड्याला काही खायला दिलंत?"

"न्हाय."

"खरं सांगा."

"न्हाय म्हनले की."

"मग काय आभाळातून पडलं? अहो, मरायला टेकलंय ते पोर! काहीतरी दिलंच असणार तू. तुला शंभरदा सांगितलं होतं!"

अकरा वर्षांत मी त्यांना कधी तू म्हटलं नव्हतं. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या आहेत. बनाबाईंनी हातातला तवा उलटा करून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तोंडात गुळणी धरून बसलेल्या त्या चेहऱ्यानं माझं डोकं आणखीच भडकलं. मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस." त्यांनी उरलेली भांडी घासली, विसळली, पालथी घातली, मोरी धुतली आणि चपला घालून गेल्या. अर्धी टाकून गेल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गुरुवारी सकाळी दहाला डॉक्टरांचा फोन. "तुमच्या घरच्या एक बाई येऊन गेल्या आत्ता. बेदाणे खाल्लेत म्हणाल्या. आठ दिवस रोज थोडे आणि सोमवारी मूठभर. बरं झालं सांगितलं, मी त्याला आज घरी सोडणार होतो. आता सलाईन चालूच ठेवतो."

"कोण बाई?"

"नाव सांगू नका म्हणाल्यात," डॉक्टर म्हणाले. पण पुढे त्यांनीच भाबडेपणानं सांगितलं की बाई चालत आल्या होत्या आणि बाकावर न बसता दाराशी उभ्या राहिल्या होत्या.

मी फोन ठेवला आणि अक्षताला म्हटलं, "बघ! तिनंच दिले. माझ्या तोंडावर नाही म्हणाली आणि तिकडे जाऊन कबूल केलं." गुरुच्या पेटीतले बेदाणे वरच्या फळीवर असतात, बनाबाईंचा हात तिथं पोचत नाही, हे मला दिसत होतं. पण राग आलेल्या माणसाला स्टूलसुद्धा आपोआप सापडतं. वर आठ दिवस रोज! मूठभर! फुकटचा माल म्हणून उधळायचा? अप्पा सकाळीच मठात गेले होते आणि मी अर्धा दिवस भांडी घासत बडबडत होते. माझी भांडी चिकट राहिली, तो रागही मी त्यांच्याच खात्यावर टाकला.

शनिवारी गुंड्यानं मान उचलली. संध्याकाळी आम्ही दवाखान्यात निघालो तर अप्पाही धोतर बदलून तयार. दवाखान्यात गुंड्याला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं होतं, पायाला सलाईनची सुई. अप्पांनी पिंजऱ्याजवळ बसून "बारो, बारो," म्हणून कानडीत त्याला हाक मारली. गुंड्याची शेपटी दोनदा आपटली. मग अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि डॉक्टरांपुढे धरली.

"एवढं त्याला द्या की. चार दिवस चुकलंय त्याचं, म्हणून उठेना झालाय. मी आज त्याच्या नावानं पूजा केली. जास्तीचे ठेवलेत."

पुडीत बेदाणे होते.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. अक्षता किंचाळलीच, "आज्जा! तुम्ही देत होता? अहो, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात!"

"खायला कुठं घातलं मी?" अप्पा म्हणाले. "प्रसाद दिला."

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. ते खरोखर गोंधळले होते. खाणं म्हणजे ताटातलं, आणि प्रसाद म्हणजे प्रसाद. ते दोन त्यांच्या मनात कधी एका रांगेत आलेच नव्हते. अल्तमश डॉक्टर त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "काका, बेदाणा काही कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. घरातल्या साध्या साध्या गोष्टी असतात अशा. आपल्याला चालतात, त्यांना नाही."

"पण प्रसाद कसा बाधेल?" अप्पांनी विचारलं.

मला त्या क्षणी सगळ्यांचाच वैताग आला होता. मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही स्वतः घ्यायचा ना मग!"

"मला शुगर," ते म्हणाले. "प्रभू सातच्या एसटीला. ही क्लासला. तू डबे भरत असतेस. प्रसाद टाकता येत नाही. अक्कम्मा होती तवर ती घ्यायची. ती गेल्यावर घरात घेणारं कोण हाय सांग. खडीसाखर असायची तवर पण हा गुंड्याच घ्यायचा. हात पसरला की येतो."

माझ्या सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं हा माणूस रोज सकाळी पूजा करून वाटी हातात घेऊन घरभर बघत उभा राहत होता आणि मी त्यांच्या पाठीमागे डब्याची झाकणं शोधत होते. मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

रविवारी मी मजरेवाडीकडच्या वस्तीत बनाबाईंच्या घरी गेले. दोन खोल्या, दारात तुळस, आतून भाकरीचा वास. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या. मी वाटेत चार वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी विसरले.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. माफी मागायला आलेली मी, आणि सुरुवात केली ती भांडणानंच.

"दिलंस का म्हणून इचारलं तुमी. बगितलंस का म्हणून कुटं इचारलं?"

"अहो, पण कुत्रं मरत होतं!"

"म्हणून गेले की डाक्टरकडं. त्यांनी इचारलं, काय बगितलं मावशी. सांगितलं. वाटी मीच घासते न्हवं. बेदाणं चिकटल्यालं असत्यात, गुंड्याचं क्यास असत्यात."

"आणि मला वाटलं की तुम्हीच..."

"वाटू दे की. तुमी मला 'तू' म्हनला तवाच कळलं, काय वाटतंय ते."

मी मान खाली घातली. मग वाटलं, हिचं मन मोठं आहे, म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं नाही म्हणून हिनं आळ अंगावर घेतला. तसं म्हटलंही.

"आप्पा म्हातारं मानूस हाय, त्ये खरंच हाय," त्या म्हणाल्या. "पर वैनी, रोज पूजा झाली की त्ये बाल्कनीत येत्यात. बारो बारो म्हनत्यात. गुंड्याला हातावर धरून चारत्यात. मी तितंच बसल्याली असते भांडी घासत, तीन हातावर. अकरा वर्सं झाली. आक्कम्मा आई होत्या तवाबी. मला कुनी घे म्हनलं न्हाय. आता मला सांगा, त्या परसादाचं मी कुनाच्या तोंडानं बोलायचं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दूध तापवलं का, व्हय, त्याच आवाजात हे आलं. मी अकरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं, म्हणून ते कधी सांगितलं गेलं नव्हतं. मला लाज वाटली. अप्पांची नव्हे, माझी. मी रोज त्याच बाल्कनीत कपडे वाळत घालते.

"याल ना परत?" मी कसंबसं विचारलं.

"येते की. बाकीची तीन घरं हायतच तितं. पर मला 'तू' म्हनायचं न्हाय."

घरी आल्यावर मी अप्पांना जे ऐकलं ते तसंच सांगितलं. मी चिडलेलीच होते, त्यामुळे गोड करून सांगायचं भान राहिलं नाही. सगळी माणसं सारखी म्हणून रोज सकाळी वचनं म्हणता ना, असंही म्हणाले. अप्पांनी त्या रात्री अर्धीच भाकरी खाल्ली.

मंगळवारी गुंड्या घरी आला, हाडं दिसणारा, पण स्वतःच्या पायांवर चालत. महिनाभर त्याला नुसता मऊ भात. बुधवारी बनाबाई आल्या, चपला कोपऱ्यात उभ्या केल्या, भांडी मांडली, बघितली आणि घासायला बसल्या. साडेसातला अप्पांची पूजा आटोपली. वाटीत केळ्याचे काप होते. गुंड्या शेपटी हलवत पुढे झाला, तर अप्पांनी त्याला पायानं हलकेच बाजूला केलं आणि मोरीपाशी जाऊन उभे राहिले.

"बनाबाई, तगोळ्ळी," ते कानडीत म्हणाले. आणि लगेच मराठीत, "घ्या. प्रसाद हाय."

बनाबाईंनी वर बघितलं. कोपरापर्यंत हात साबणानं आणि आमच्या रात्रीच्या जेवणानं भरले होते.

"ठिवा तितं आप्पा," त्या म्हणाल्या. "हात खरकटं हायत माजं."

"धुऊन घ्या की."

"आजून तीन घरं हायत." आणि त्यांनी कुकर पुढे ओढला.

माझ्या तोंडाशी आलं होतं, अहो, एवढं ते देतायत तर घ्या ना! सवयीनं आलं होतं. मी तोंड मिटलं आणि आत गेले. बनाबाईंनी सगळी भांडी घासली, मोरी धुतली, हात पुसले, चपला घातल्या आणि गेल्या. वाटीकडे त्यांनी बघितलंही नाही. अप्पा तेवढा वेळ बाल्कनीतल्या खुर्चीत बसून होते. माशा बसू नयेत म्हणून त्यांनी वाटीवर तळहात झाकून धरला होता.

डबा भरून मी बाहेर आले तेव्हाही ते तसेच बसले होते.

"उद्यापासून पूजा साडेसहाला उरकतो," ते म्हणाले. "ती आल्या आल्या दिलं पायजे. तवा हात कोरडे असतात तिचे."

म्हणजे मला पाचला उठून त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायला हवं. मी गजर लावला.